शटरिंग कधी खोलायचं ते काँक्रीटच्या तापमानावरून ठरवा

"सात दिवस झाले ना, मग खोला" असं साइटवर सर्रास चालतं, पण थंडीतले सात दिवस आणि उन्हाळ्यातले सात दिवस काँक्रीटसाठी सारखे नसतात. माल किती तास किती गरम राहिला याचा हिशोब म्हणजे मॅच्युरिटी, आणि तो ठेवणं फार अवघड नाहीये.

काँक्रीटची गाडी आली की सॅम्पलमध्ये थर्मामीटर असा खुपसा की चारी बाजूंनी निदान ७५ मिमी माल राहील, वरून माल दाबून घ्या म्हणजे बाहेरची हवा लागत नाही, कमीत कमी दोन मिनिटं थांबा आणि आकडा स्थिर झाला की लिहा. इन्फ्रारेड गन फक्त वरचा थर बघते, तिच्यावर विसंबू नका.

पुढचं तापमान मोजत राहणारा सेन्सर पोअरच्या (माल ओतण्याच्या) आधीच सळईला बांधायचा, पण थर्मोकपलचं (तापमान मोजणाऱ्या वायरचं) टोक सळईला टेकू द्यायचं नाही. वायर सळईच्या खालून न्या, नाहीतर व्हायब्रेटर लागून तुटलीच समजा. आणि जागा नीट निवडा, खरं काम तिथेच आहे. जिथे माल सगळ्यात उशिरा पिकणार तिथे लावा, म्हणजे स्लॅबची कड, कोपरा, वाऱ्याकडची बाजू, शेवटी पडलेला माल. मधोमध लावला तर आकडा छान येईल आणि कड कच्चीच असेल.

पहिले ४८ तास दर अर्ध्या तासाला रीडिंग, नंतर तासाला चालतं. सरासरी तापमानातून डेटम (ज्याच्या खाली काँक्रीट पिकतच नाही असं धरलेलं तापमान) वजा करा आणि तासांनी गुणा. डेटम ० धरला तर ३० अंशावर २४ तासांत ७२० अंश-तास होतात, तेच २० अंशावर ३६ तास लागतात, म्हणजे १२ तास जास्त थांबायचं.

पण ७२० म्हणजे किती एमपीए (स्ट्रेंग्थचं माप)? ते त्याच मिक्सचे क्यूब (चाचणीचे ठोकळे) सांगणार. दोन क्यूबमध्ये सेन्सर घाला, बाकीचे १, ३, ७, १४, २८ दिवसांनी मशीनवर दाबून फोडा आणि मॅच्युरिटी विरुद्ध स्ट्रेंग्थ असा ग्राफ काढा, एएसटीएम सी १०७४ या अमेरिकन मानकात हीच पद्धत आहे. सिमेंट किंवा अॅडमिक्श्चर (मिसळायचं केमिकल) बदललं की तो ग्राफ बाद, नवा काढा. आणि एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, सेन्सरला फक्त तापमान कळतं. कुणी गाडीत वरून पाणी मारलं, क्युरिंग सुकलं, कॉम्पॅक्शन राहिलं, तरी तो तोच आकडा दाखवणार, म्हणून प्रॉप (खालचे टेकू) काढण्याआधी थोडे क्यूब फोडून खात्री कराच.

जाड राफ्ट (पायाचा सलग स्लॅब) असेल तर एक सेन्सर मधोमध आणि एक पृष्ठभागाजवळ लावा. साधारणपणे आतलं तापमान ७० अंशाच्या आत आणि दोन्हीतला फरक २० अंशाच्या आत ठेवतात. फरक वाढायला लागला की लोक वरून गार पाणी मारतात, ते अजिबात करू नका, त्याने वरचा थर अजून थंड होतो आणि तडे जातात. उलट वरून ब्लँकेट टाकून झाका, आणि स्ट्रेंग्थ आली असली तरी फरक उतरेपर्यंत बाजूचं शटरिंग तसंच राहू द्या.