मेलबर्नच्या ‘फूटी’ची बातमी दारव्ह्यात बसून कशी वाचायची

पोरगा मेलबर्नला गेला तसा मीही फूटीच्या, म्हणजे तिकडच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या, नादी लागलो. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी फायनल. तिथं दुपारचे अडीच, आपल्याकडं सकाळचे दहा. सोयाबीन सोंगायला मजूर येऊन बसलेले अन् मी बांधावर मोबाईल धरून.

बातमी वाचण्याआधी ती छापली कोणी ते बघा. एएफएल ही फूटीची १८ संघांची लीग, पण तिचे स्वतःचे पगारी बातमीदारही आहेत. तिच्या वेबसाईटवर लीगबद्दल वाचणं म्हणजे कापसाचा भाव जिनिंगवाल्याच्या तोंडून ऐकणं. खोटाच असेल असं नाही, पण काटा त्याचाच. कोण जखमी, कोण संघात, एवढ्यासाठी बिनधास्त वाचा. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूंचे कोर्टातले दावे असले विषय मात्र बाहेरही वाचा.

मग पैसा बघा. २०२२ मध्ये लीगनं सेव्हन आणि फॉक्सटेल या टीव्ही कंपन्यांशी सामने दाखवण्याचा २०२५ ते २०३१ चा करार केला, ४.५ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरचा. एवढे मोजून घेतलेल्या मालाला नासका कोण म्हणेल? (म्हणणारे काही आहेत, तेही खरं.)

मी एकच बातमी ‘द एज’, ‘हेराल्ड सन’ या मेलबर्नच्या पेपरांत अन् सरकारी पैशावर चालणाऱ्या एबीसी या प्रसारणसंस्थेवर ताडून बघतो. ऑक्टोबरात खेळाडूंची अदलाबदल चालते तेव्हा ‘सूत्रांनुसार’ दिसलं की थांबायचं. हे बाहेर सांगून फायदा कोणाचा, क्लबचा की एजंटचा? एकदा मी पोराला फोन करून तोऱ्यात सांगितलं, तुझ्या संघात अमका येतोय. तो काही आला नाही. पोरगा अजून हसतो.