जुना लॅपटॉप घेताना या चुका टाळा: आधी काय तपासायचं, नंतर काय

जुन्या लॅपटॉपमधले दोष दोन जातींचे. बॅटरी उतरलेली, रॅम कमी, एसएसडी (माहिती साठवणारी डिस्क) लहान, कीबोर्डचं एखादं बटण मेलेलं: हे पैसे टाकले की सुटतं, फक्त तेवढे पैसे किमतीतून वजा करून घ्यायचे. दुसऱ्या जातीचे दोष पैसे टाकूनही जात नाहीत. प्रोसेसर जुन्या पिढीचा, रॅम बोर्डवरच पक्की बसवलेली, बायोसला (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला) आधीच्या मालकाचा पासवर्ड, मशीन अजून कुठल्यातरी कंपनीच्या नावावर. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर असो की तालुक्याच्या गावातल्या दुकानात, गिऱ्हाईक बहुतेक वेळा उलट्या क्रमानं बघतं. आधी ओरखडे, मग झाकण, मग रॅम किती ते; आणि जे कधीच बदलता येणार नाही ते घरी आल्यावर कळतं. हातात १५-२० हजार असतील तर ही उलटापालट परवडत नाही.

‘आय७ आहे’ एवढ्यावर भुलणं

इंटेलच्या प्रोसेसरच्या स्टिकरवरचा आय५ किंवा आय७ हा नुसता वर्ग झाला. पिढी कळते ती पुढच्या आकड्यावरून. आय५-६२००यू म्हणजे सहावी पिढी, आय५-८२५०यू म्हणजे आठवी. १०२१०यू किंवा ११३५जी७ असेल तर पहिले दोन आकडे धरायचे, म्हणजे दहावी आणि अकरावी. सातव्या पिढीपर्यंत ‘यू’ मालिकेतल्या (कमी वीज खाणाऱ्या, लॅपटॉपसाठीच्या) आय७लाही दोनच कोअर, म्हणजे काम करणारे भाग, असत. आठव्या पिढीत आय५लाच चार मिळाले. त्यामुळे आय७-७५००यू महाग आणि आय५-८२५०यू स्वस्त मिळत असेल तर स्वस्तातलाच उचला, तोच जास्त ताकदीचा आहे.

आठव्या पिढीची रेघ आणखी एका कारणानं महत्त्वाची. विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि मोजके अपवाद सोडले तर विंडोज ११ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचाच प्रोसेसर लागतो. सहाव्या-सातव्या पिढीच्या मशीनवर विंडोज ११ चालू दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. विंडोजची प्रोसेसर-तपासणी चुकवून ते टाकता येतं, आणि बाजारात सर्रास टाकलं जातं. ते चालतंही. पण वर्षाकाठी येणारी मोठी आवृत्ती अशा मशीनवर आपोआप उतरत नाही. दर वेळी तीच खटपट पुन्हा करायची, नाहीतर हातातल्या आवृत्तीची मुदत संपली की सुरक्षेचे अपडेट बंद. म्हणून स्टिकरवर विसंबू नका, ते पन्नास रुपयांत मिळतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स उघडा, सीपीयूवर क्लिक करा. उजवीकडे वर प्रोसेसरचं पूर्ण नाव असतं. तेच खरं.

एएमडी या दुसऱ्या कंपनीचे ई२, ए६, ए९ प्रोसेसर कितीही स्वस्त मिळाले तरी सोडा. तिच्याच रायझेनमध्ये लॅपटॉपसाठी ३००० मालिकेपासून पुढचं बघा. रायझेन ५ २५००यू वेगाला ठीक आहे, पण विंडोज ११च्या यादीत तो नाही.

सातव्या पिढीचं मशीन टाकाऊ आहे असं मात्र नाही. विंडोजऐवजी टाकायची लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली त्यावर छान चालते, इन्स्क्रिप्ट कीबोर्डनं मराठी टाइप होतं, ब्राउझर आणि लिब्रेऑफिस हे फुकट ऑफिस सॉफ्टवेअर आहेच. फक्त त्याची किंमत आठव्या पिढीच्या जवळपासही देऊ नका. घरात कुणी टॅली शिकत असेल किंवा डिप्लोमाला ऑटोकॅड लागत असेल, तर हा रस्ता धरूच नका, ती लिनक्सवर धड चालत नाहीत.

‘जुनं कशाला, नवंच घेऊ’ म्हणून त्याच पैशात सेलेरॉन एन४०२० हा हलका प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी (साठवणुकीची चिप) असलेला नवा लॅपटॉप घेतला जातो. ती ईएमएमसी बोर्डवरच असते, निघत नाही. विंडोज आणि तिचे अपडेट यांतच ती भरत येते. सहा महिन्यांत ‘जागा शिल्लक नाही’ हा संदेश रोजचा होतो. ऑफिसांतून निघालेला आठव्या पिढीचा आय५ त्याच्यापेक्षा कितीतरी चांगला.

रॅम वाढवता येईल असं धरून चालणं

‘आत्ता ४ जीबी आहे, पुढे वाढवा’ हे दुकानदाराचं वाक्य मॉडेलवर अवलंबून आहे. लेनोव्होचा थिंकपॅड टी४८०, डेल लॅटिट्यूड ७४९० आणि एचपी एलिटबुक ८४० जी५ यांत रॅमचे दोन स्लॉट आहेत. थिंकपॅड टी४९०मध्ये काही रॅम बोर्डवर आणि एक स्लॉट. थिंकपॅड एक्स२८०मध्ये सगळीच बोर्डवर, म्हणजे आज जेवढी तेवढीच कायम. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर गेलात की किती स्लॉट आणि किती भरलेले ते दिसतं, पण बोर्डवरची रॅमही तिथे कधी कधी स्लॉट म्हणूनच मोजली जाते. म्हणून मॉडेलचं नाव लिहून घ्या आणि कंपनीच्या माहितीपत्रकात खात्री करा. आजच्या घडीला ८ जीबी किमान, १६ असेल तर निवांत.

एसएसडीतही अशीच फसगत होते. एम.२ आकाराच्या, म्हणजे पट्टीसारख्या एसएसडी दोन प्रकारच्या: साटा (जुना, हळू) आणि एनव्हीएमई (नवा, वेगवान). दिसायला सारख्या, पण काही जुन्या मशीनचा स्लॉट फक्त साटाच ओळखतो. नवी पट्टी विकत घेण्याआधी हे बघा. आणि मशीनमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर एसएसडीचा खर्च हिशोबात धराच, त्याशिवाय आय७सुद्धा रखडतो.

कुलूप न तपासणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच, म्हणून इथे वेळ द्या.

ऑफिसांतून निघालेल्या मशीनला बायोसचा पासवर्ड राहून गेलेला असतो. रीस्टार्ट करून बायोसमध्ये शिरा: डेलला एफ२, एचपीला एफ१०, थिंकपॅडला एफ१. पासवर्ड मागितला तर मशीन तिथेच ठेवा. ‘आतला सेल काढला की उडतो’ हे जुन्या डेस्कटॉपचं ज्ञान आहे; थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये राहतो, सेल काढून जात नाही. आत गेल्यावर सिक्युरिटीमध्ये कॉम्प्युट्रेस किंवा ॲब्सोल्यूट नावाची ओळ शोधा. ती ‘ॲक्टिव्हेटेड’ असेल तर जुनी कंपनी इंटरनेटवरून मशीन शोधू आणि गोठवू शकते, आणि बायोसमधून तुम्हाला ते बंद करता येत नाही.

दुसरं कुलूप लपलेलं असतं. मोठ्या कंपन्या आपली मशीन मायक्रोसॉफ्टकडे स्वतःच्या नावावर नोंदवून ठेवतात. विकताना ती नोंद काढायची राहिली, तरी दुकानात सगळं सुरळीत दिसतं, कारण विंडोज नेटशिवाय टाकलेलं असतं. तुम्ही घरी वर्षभरानं विंडोज नव्यानं टाकता, वायफाय जोडता आणि पडद्यावर अनोळखी कंपनीचं नाव येतं. खाली तिचा ईमेल आणि पासवर्ड मागितलेला. पुढे जायला सरळ वाट नाही, ती नोंद त्या कंपनीलाच काढावी लागते. म्हणून पैसे देण्याआधी विंडोज समोर रिसेट करायला लावा किंवा पेनड्राइव्हवरून नव्यानं टाकायला सांगा, आणि सेटअपच्या वेळी स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा. वेळ लागतो, त्यामुळे आधीच फोनवर सांगून जा. जो विक्रेता याला नाही म्हणतो, त्याच्याकडचा माल घेऊ नका.

मॅकबुकला हेच दोन प्रकारांनी येतं: आधीच्या मालकाच्या आयक्लाउडचं ॲक्टिव्हेशन लॉक, किंवा कंपनीचं ‘रिमोट मॅनेजमेंट’. तिथेही उपाय तोच, समोर पुसून नेटवर सुरू करून बघणं. इंटेलचं मॅकबुक स्वस्त मिळतंय म्हणून मात्र धावू नका. २०१७च्या मॅकबुक एअरला मॉन्टेरे या २०२१च्या आवृत्तीपुढची मॅकओएस मिळालीच नाही.

चार्जरकडे दुर्लक्ष

लॅपटॉप चालू झाला, लाइट लागला, म्हणजे चार्जर ठीक असं नसतं. डेलचा गोल पिनचा चार्जर उलटा धरून आत पाहा. मधोमध केसासारखी बारीक पिन दिसेल. या पिनेतून मशीन ‘हा माझाच चार्जर आहे का, किती वॅटचा आहे’ हे विचारतं. पिन वाकलेली असेल, किंवा चार्जर डुप्लिकेट असेल, तर उत्तर येत नाही. सुरू होताना ‘अडॅप्टरचा प्रकार ओळखता आला नाही’ अशा अर्थाची सूचना येते, बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसर मुद्दाम मंद चालवला जातो. लोक या मंदपणासाठी रॅम बदलतात, विंडोज बदलतात, आणि दोष असतो त्या पिनेत. कधी तो लॅपटॉपच्या आतल्या जॅकमध्येही असतो, म्हणून प्लग लावून हळूच हलवून बघा. चार्जिंग तुटक होत असेल तर जॅक बदलण्याचा खर्च कापून घ्या.

‘बॅकअप दोन तास’ या शब्दावर विश्वास

बॅटरीचा दाखला मशीनच देतं. कमांड प्रॉम्प्ट उघडा, पॉवरसीएफजी (powercfg) लिहा, एक जागा सोडा, तिरकी रेघ (/) द्या आणि तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट (batteryreport) लिहा, अर्थात इंग्रजी अक्षरांत. एक फाइल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडा. डिझाइन कपॅसिटी म्हणजे नवी असतानाची क्षमता, फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आजची. ६०,००० पैकी ३९,००० उरली असेल तर ती ६५ टक्के झाली. ७०च्या वर समाधानकारक, ५०च्या खाली आली की नवी बॅटरी हिशोबात धरा. टी४८०मध्ये बॅटऱ्या दोन असतात, एक आत आणि एक मागे निघणारी. दोन्हींचे आकडे बघा.

आकडा १०० टक्के आणि चार्ज सायकल शून्य दिसली की लगेच खूश होऊ नका. बाहेरची स्वस्त बॅटरी असेच आकडे दाखवते आणि ३० टक्क्यांवरून एकदम बंद पडते. त्यामुळे चार्जर काढून अर्धा तास तरी चालवा आणि टक्के सरळ उतरतात का ते बघा.

लॅपटॉप दुकानाच्या काचेच्या काउंटरवर सपाट ठेवा. एखादा कोपरा डुगडुगत असेल, टचपॅड वर आलेला किंवा दाबला जात नसेल, खालच्या पत्र्यात फट असेल, तर आतली बॅटरी फुगलेली असण्याची दाट शक्यता. आत वायू धरला आहे आणि ती पेटू शकते. अशी बॅटरी बदलल्याशिवाय मशीन घरी आणू नका.

बिजागरी, पडदा, उष्णता

झाकण हळू उघडा आणि कोपऱ्याकडे कान द्या. कट्‌ असा आवाज आला किंवा पडद्याची चौकट एका बाजूनं सुटू लागली तर आत बिजागरीचे स्क्रू प्लास्टिकमधून उपटलेले असतात. घरगुती मालिकांच्या लॅपटॉपमध्ये हे फार होतं. ऑफिसच्या मालिकांमध्ये कमी. एम-सील लावून केलेली दुरुस्ती फार टिकत नाही. पडद्यावर पूर्ण पांढरं आणि मग पूर्ण काळं चित्र लावा: पांढऱ्यावर डाग आणि मेलेले ठिपके, काळ्यावर सतत पेटलेले ठिपके दिसतात. १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा पडदा टाळा, रोज आठ तास मराठी मजकूर वाचायचा असेल तर नक्कीच.

मग पूर्ण पडद्यावर एचडी व्हिडिओ लावून वीस मिनिटं चालू ठेवा आणि त्या वेळात बाकीचं तपासा: सगळी बटणं, प्रत्येक यूएसबी, एचडीएमआय, कॅमेरा, माइक, दोन्ही स्पीकर. दुकानात एसी असेल तर तिथलं तापमान तुमच्या घरच्या मे महिन्याचं नाही हे लक्षात ठेवा. नुसत्या व्हिडिओला पंखा सतत ओरडत असेल किंवा तापमान ९०-९५ अंशांवर जात असेल, तर पंख्यात धूळ आहे किंवा थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) सुकली आहे. हे दुरुस्त होतं. गरम झाल्यावर रीस्टार्ट करा. तापलेलं मशीन उठायला कुरकुर करत असेल तर बोर्डात खोट असू शकते, आणि ते घेऊ नये.

क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्क तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर न्या. एसएसडीचं आरोग्य टक्क्यांत दिसतं. हार्ड डिस्क असेल आणि ती ‘कॉशन’ दाखवत असेल तर तिची किंमत शून्य धरा.

कागद न घेणं

बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि तो बायोसमधल्या नंबराशी व तळाच्या स्टिकरशी जुळवा. तिन्ही जुळले नाहीत तर बोर्ड किंवा खालचा भाग दुसऱ्या मशीनचा आहे. बिल न देणाऱ्याकडून घेतलेलं मशीन चोरीचं निघालं तर ते जप्त होतं, आणि चोरीचं आहे हे माहीत असताना किंवा तसं मानायला कारण असताना घेतलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तो गुन्हा आहे. ‘सात दिवस टेस्टिंग वॉरंटी’ तोंडी नको, बिलावर तारखेसह.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनही बघा. ‘डिजिटल लायसन्स’ लिहिलेलं असावं. ‘ऑर्गनायझेशनच्या सेवेनं ॲक्टिव्हेट’ अशा अर्थाचं काही असेल तर दुकानानं जुगाड केलेला आहे.

आता बेरीज. समजा सांगितलेली किंमत १६,०००, बॅटरीला ३,०००, रॅमच्या पट्टीला २,५००, चार्जरला १,२००. हे मशीन २२,७००चं आहे. पलीकडच्या दुकानातलं २०,०००चं, सगळं धड असलेलं मशीन त्यापेक्षा स्वस्त. सुट्या भागांचे भाव त्याच दिवशी दोन ठिकाणी विचारा, रॅम आणि एसएसडीचे भाव फार वरखाली होतात.

घरी आल्यावर टेस्टिंग वॉरंटीचे सात दिवस वाया घालवू नका. कंपनीच्या साइटवरून बायोस अद्ययावत करा. टी४८० असेल तर थंडरबोल्टचं (टाइप-सी पोर्ट चालवणाऱ्या चिपचं) फर्मवेअर, म्हणजे तिच्यातला प्रोग्रॅम, पहिल्याच दिवशी टाका. जुन्या फर्मवेअरमुळे त्या मॉडेलचा टाइप-सी पोर्ट निकामी होत असे, आणि एकदा तो गेला की अपडेट टाकूनही परत येईलच असं नाही. त्यानंतर टाइप-सीवरून चार्जिंग, पेनड्राइव्ह आणि बाहेरचा मॉनिटर तिन्ही लावून बघा, आणि काही अडलं तर बिल घेऊन आठव्या दिवसाच्या आत दुकानात जा.