दार-ए-सलामला येताय? मलेरियाचं आधी बघा

नोकरी पक्की झाली की इकडे फोन येतात ते घरभाड्याचे, शाळेचे आणि तूरडाळ मिळते का, याचे. डाळ मिळते, काळजी नको; भारतात येणारी पुष्कळ तूर टांझानियातूनच जाते. मलेरियाचं विचारणारा मात्र क्वचित. आपण विषय काढला तर उत्तर ठरलेलं असतं, "आम्ही मुंबईचे, डासांची सवय आहे."

ती सवय इथे उपयोगाची नाही. आपल्याकडे व्हायवॅक्स आणि फाल्सिपेरम असे दोन्ही मलेरिया आढळतात. इथे जवळपास सगळा फाल्सिपेरम, म्हणजे मेंदू आणि किडनीपर्यंत पोचणारा. साधा वाटणारा ताप एक-दोन दिवसांत माणसाला आयसीयूत नेतो. ऑफिसातला स्थानिक सहकारी दोन दिवस झोपून तिसऱ्या दिवशी कामावर येतो, ते पाहून आपला अंदाज बांधू नका. लहानपणापासून मलेरिया होत गेल्याने त्याच्या अंगात थोडीफार प्रतिकारशक्ती आलेली असते. तीही अर्धीमुर्धी, आणि तो काही वर्षं परदेशी राहिला तर ओसरणारी. आपल्याजवळ तेवढीही नसते.

तुमचं पोस्टिंग कुठे आहे त्यावर बरंच अवलंबून आहे. दार शहरात आणि झांझिबारला प्रमाण त्या मानाने कमी, अरुशाला उंचीमुळे कमी. म्वान्झा, गेइटा, कागेरा, किगोमा या तलावांकडच्या पट्ट्यात आणि दक्षिणेला म्त्वारा-लिंडीकडे ते जास्त. गेइटाच्या सोन्याच्या खाणींवर जाणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं, आणि म्त्वारा-लिंडीकडे काजू खरेदीला जाणाऱ्यांनीही. आपल्या कोकण-गोव्यातल्या कारखान्यांनाही आफ्रिकेची कच्ची बी लागते. खरेदीचा हंगाम ऑक्टोबरला सुरू होतो आणि तो पुढे सरकतो तसा तिकडे पाऊसही लागतो. गोदामाशेजारच्या खोलीत, फाटक्या जाळीच्या खिडकीखाली, रात्र काढायची वेळ येते ती नेमकी त्याच दिवसांत.

निघायच्या महिनाभर आधी प्रवासी लसीकरण करणाऱ्या डॉक्टरांना भेटा. मलेरिया टाळायच्या गोळ्या तीन प्रकारच्या. अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल रोज घ्यायची. जायच्या एक-दोन दिवस आधी सुरू, परतल्यावर सात दिवस चालू. डॉक्सिसायक्लिनही रोजची, पण परतल्यावर चार आठवडे घ्यावी लागते; गरोदर बायकांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ती देत नाहीत. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा, सुरुवात दोन-तीन आठवडे आधी. फिट्स किंवा मानसिक आजाराचा इतिहास असेल तर ती चालत नाही. कोणती घ्यायची ते डॉक्टर ठरवतील. कुणी प्रेमाने क्लोरोक्विन बांधून दिलं तर मात्र घेऊ नका. इथला मलेरिया त्याला दाद देत नाही. इथल्या सरकारने 2001 मध्येच ते पहिल्या पसंतीचं औषध म्हणून बंद केलं.

इथे वर्षानुवर्षं राहणारे रोज गोळी घेतातच असं नाही. माझं स्पष्ट मत असं, की नव्याने आलेल्याने पहिले काही महिने आणि तलावांकडे किंवा दक्षिणेकडे जाताना दरवेळी घ्यावी. दिवस गेलेले असतील तर तिकडचा प्रवास शक्यतो टाळाच. गरोदरपणात मलेरिया आई आणि बाळ दोघांनाही फार जड जातो.

गोळी घेतली तरी चंदारुआ, म्हणजे मच्छरदाणी, हवीच. मलेरियाचा डास मुख्यतः रात्री चावतो, मध्यरात्रीनंतर तर अधिक. औषध लावलेली मच्छरदाणी घ्या आणि ती अंधार पडायच्या आत सोडून गादीखाली चहूबाजूंनी खोचा. गोल टांगायच्या मच्छरदाणीत हात-पाय जाळीला टेकतात आणि डास बाहेरूनच चावतो. म्हणून चौकोनी, ऐसपैस घ्या. घर बघायला जाल तेव्हा खिडक्यांच्या जाळ्यांवरून बोट फिरवा आणि एसीचा पाइप भिंतीतून जातो तिथली फट बघा. डास तिथूनच येतात. संध्याकाळी बाहेर बसायचं तर लांब बाह्या, पायात मोजे आणि डीट (डास दूर ठेवणारं औषध) असलेलं क्रीम. लसूण, व्हिटॅमिनच्या गोळ्या, होमिओपॅथीचे डोस यांवर विसंबू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ताप आला तर त्याच दिवशी तपासणी. "व्हायरल असेल, क्रोसिन घेऊन बघू" हे वाक्य इथे बोलायचं नाही. खाणीवरच्या एका तरुण अकाउंटंटने तीन दिवस असंच काढलं. चौथ्या दिवशी तो असंबद्ध बोलायला लागला, तेव्हा खोलीतल्या मित्राने त्याला उचलून नेलं. आर्टेसुनेटची इंजेक्शनं वेळेत मिळाली म्हणून तो वाचला. रॅपिड टेस्टला बोटातलं थेंबभर रक्त लागतं आणि वीसेक मिनिटांत निकाल मिळतो. निगेटिव्ह आली आणि ताप राहिला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करा, रक्ताची काच तपासायला सांगा, आणि डेंग्यूचंही विचारा. दारमध्ये 2014 आणि 2019 ला डेंग्यूच्या मोठ्या साथी आल्या होत्या. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत तापाला पॅरासिटामॉलच, ब्रुफेन किंवा अ‍ॅस्पिरिन नको.

पॉझिटिव्ह आली तर बहुधा मसेतो मिळेल. आर्टेमेथर-लुमेफॅन्ट्रिनला इथे सगळे मसेतोच म्हणतात. मोठ्या माणसाला चार-चार गोळ्यांचे सहा डोस, तीन दिवसांत. दुसरा डोस आठ तासांनी, म्हणजे कधीकधी पहाटे तीनला गजर लावून उठावं लागतं, उठाच. प्रत्येक डोस दुधाबरोबर किंवा तूप लावलेल्या पोळीबरोबर घ्या. स्निग्ध पदार्थाशिवाय हे औषध अंगात नीट शोषलं जात नाही, आणि तापात आपण नेमके कोरड्या भातावर येतो. तासाभरात उलटी झाली तर डोस पुन्हा घ्यायचा. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी ठेवू नका. उलट्या थांबत नसतील, लघवी काळपट होत असेल, धाप लागत असेल किंवा माणूस बरळत असेल, तर गोळ्यांची वाट न बघता थेट मोठं हॉस्पिटल गाठा.

गणपतीला किंवा मे महिन्यात घरी जाल तेव्हाही हे लागू आहे. डास चावल्यावर ताप यायला आठवडा ते महिना, कधी त्याहूनही जास्त लागतो. म्हणजे तो पुण्यात पोचल्यावरही येऊ शकतो. तिथल्या डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिलं वाक्य हेच, की मी आफ्रिकेतून आलोय, मलेरियाची टेस्ट आजच करा. तुम्ही सांगितलं नाही तर त्यांना ते कळायला मार्ग नाही.