मल्टिप्लेक्समधलं महाग खाणं: कुठे भांडायचं, कुठे नाही

पॉपकॉर्नच्या टबाला साडेचारशे रुपये लावले, एवढ्याच तक्रारीवर ग्राहक आयोगात गेलात तर हात हलवत परत याल. तयार करून दिलेल्या पदार्थाची किंमत मालक ठरवतो. गणितही समजून घ्या: तिकिटाच्या पैशांत वितरकाचा मोठा वाटा असतो, खाण्याचा गल्ला मात्र थिएटरचाच. २०२३-२४ मध्ये पीव्हीआर आयनॉक्सचं सरासरी तिकीट २५९ रुपयांचं होतं आणि माणशी खाण्यापिण्याचा खर्च १३२ रुपये. महाग आहे, पण नको तर घेऊ नका म्हणता येतं. फुकट द्यायचं पिण्याचं पाणी लपवणं किंवा सीलबंद मालाच्या छापील किमतीच्या वर पैसे घेणं ही मात्र लबाडी, आणि भांडायचं ते तिथे.

दारावर डब्यासाठी हुज्जत घालू नका. जुलै २०१८ मध्ये विधान परिषदेत झालेल्या घोषणेमुळे बाहेरचं खाणं नेता येतं असा समज अजून आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ ला स्पष्ट केलं की थिएटरवाले ते अडवू शकतात. मात्र पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट मिळायला हवं आणि तान्ह्या बाळाचं खाणं आई-वडिलांना नेता यायला हवं. कूलर बहुतेकदा स्वच्छतागृहाच्या बाजूला कोपऱ्यात असतो. बंद असेल किंवा ग्लास नसतील तर काउंटरवरच्या पोराशी वाद नको, ड्यूटी मॅनेजरला बोलवा. तरीही पाणी मिळालं नाही तर कूलरचा फोटो काढा, वेळ लिहून ठेवा.

ऑर्डर देताना भाव बघण्याआधी वजन बघा. दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या साखळ्यांना मेनूवर प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी आणि सर्व्हिंगचं माप लिहावं लागतं. समजा, ६० ग्रॅमचा टब ३०० रुपयांना आणि ११० ग्रॅमचा ४२० ला. पहिला ग्रॅमला ५ रुपये, दुसरा ३.८२. तिघं असाल तर मोठा एकच घ्या. दोघांनाच तो संपत नाही, मग स्वस्त पडलेला ग्रॅम कचऱ्यात जातो. कॉम्बोतही तेच: त्यातलं कोल्ड्रिंक एरवी घेतलं असतं का, हे आधी ठरवा. ॲपवर तिकीट काढताना मध्येच खाण्याचं पान येतं. पैसे भरण्याआधी एकूण रकमेत नकळत काही जोडलं गेलंय का, पाहून घ्या.

बिल तिथल्या तिथे वाचा. जुलै २०२३ मधल्या जीएसटी परिषदेच्या खुलाशानुसार थिएटरात तिकिटापासून वेगळं विकलेलं खाणं रेस्टॉरंट सेवेत धरतात: ५ टक्के, म्हणजे सीजीएसटी (केंद्राचा) अडीच आणि एसजीएसटी (राज्याचा) अडीच. तिकीट आणि खाणं एकाच पॅकेजात विकलं असेल तर तिकिटाचा दर लागतो. १०० रुपयांवरच्या तिकिटाला तो १८ टक्के आहे.

खरी मेख सीलबंद बाटलीत आहे. एकाच मालावर दोन वेगवेगळ्या एमआरपी छापायला १ जानेवारी २०१८ पासून नियमाने बंदी आहे. त्याआधी २०१६ मध्येच राष्ट्रीय ग्राहक आयोगाने थिएटरातल्या पाण्याच्या बाटलीवरची दुहेरी एमआरपी चुकीची ठरवली होती. पण तुलना त्याच ब्रँडच्या, त्याच मापाच्या बाटलीशी करा; ५०० मिलीची ७५० मिलीशी केलीत की तक्रार तिथेच बारगळते. एमआरपीच्या वर पैसे घेता येतात असं सांगताना काही थिएटरं सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१७ च्या निकालाकडे बोट दाखवतात. तो हॉटेल-रेस्टॉरंटांबद्दल आहे, कारण तिथे बसायची जागा आणि वाढप्याची सेवा असते. काउंटरवरून नुसती बाटली हातात दिली असेल तर हा फरक तक्रारीत लिहा.

बाटली फेकू नका. एमआरपी, बॅच नंबर आणि तारीख एका फोटोत दिसू द्या, शेजारी बिल ठेवा. पैसे रोख दिले तरी छापील बिल मागा. बहुतेक तक्रारी बिलावाचूनच मरतात. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. एमआरपीचा प्रश्न असेल तर वजन-मापं आणि छापील किमती तपासणाऱ्या वैधमापन विभागाकडेही अर्ज द्या, दंड करायचे अधिकार त्यांना आहेत. तरी दाद लागली नाही तर लेखी नोटीस देऊन दोन वर्षांच्या आत ई-जागृती या सरकारी पोर्टलवर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार भरा. ती राहत्या जिल्ह्यात करता येते, वकील लागत नाही आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मागणीत जादा घेतलेली रक्कम, मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च असे तीन आकडे वेगवेगळे लिहा.