व्हॅम्पायर आला कुठून? सोसायटीच्या हॉलमध्ये ४५ मिनिटांचं व्याख्यान कसं बांधावं

घोडबंदर रोडवरच्या एखाद्या क्लबहाऊसमध्ये किंवा ठाण्यातल्या वाचनालयात या विषयावर बोलायला उभं राहिलात, की समोरच्यांच्या डोक्यात काळा झगा, सुळे आणि ट्रान्सिल्व्हेनियातला किल्ला आधीच हजर असतो. तिथून सुरुवात केलीत की व्याख्यान फसलं. वलाखियाचा (आजच्या रुमानियातला प्रदेश) राजा तिसरा व्लाद १५व्या शतकातला, क्रूरपणासाठी कुप्रसिद्ध. पण तो मेल्यावर थडग्यातून उठून रक्त पितो, असं त्याच्या मुलखातली लोककथा सांगत नाही. १८९७च्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीने त्याचं टोपणनाव उचललं, एवढंच. त्याला दोन मिनिटं द्या आणि सर्बियाकडे वळा. खरा मालमसाला तिथल्या सरकारी कागदांत आहे.

पहिली पाच मिनिटं नकाशाची. डॅन्यूब नदी, बेलग्रेड आणि व्हिएन्ना एवढीच नावं ठेवा. गर्दीच्या नकाशात लोक हरवतात. १७१८च्या पासारोवित्झ तहाने उत्तर सर्बिया तुर्कांकडून ऑस्ट्रियाकडे गेला. व्हॅम्पायरच्या संशयावरून थडगी उकरायची चाल गावांत आधीपासून होती. नवीन होता तो कारकून. ऑस्ट्रियाचे अधिकारी आणि लष्करी वैद्य समोर उभे राहून टिपण करू लागले, ते व्हिएन्नाला गेलं, छापून आलं आणि युरोपभर पसरलं. हा दुवा निसटला तर ‘हे सगळं नेमकं तेव्हाच का?’ या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर उरत नाही.

नकाशा लावतानाच एक बाटली तयार करून टेबलाच्या कडेला ठेवून द्या. अर्धा लिटरची रिकामी बाटली, २०० मिली कोमट पाणी, दोन चमचे साखर, एक चमचा ड्राय यीस्ट. हलवून तोंडावर फुगा चढवा. फुगा आधी दोन-तीनदा फुगवून सैल केलेला हवा. पाणी बोटाला सोसेल इतपतच कोमट असावं. कढत पाण्यात यीस्ट मरतं आणि फुगा तसाच लोंबकळत राहतो. हॉलचा एसी जोरात असेल तर बाटली कोमट पाण्याच्या टोपात ठेवा. साधारण अर्ध्या तासात फुगा उभा राहतो. तोवर त्याबद्दल अवाक्षर काढू नका.

पुढची १५ मिनिटं दोन प्रकरणांची. किसिलयेवो गाव, १७२५: पेटर ब्लागोयेविच मेला आणि त्यानंतर आठ दिवसांत नऊ जण दगावले. तो रात्री येऊन छातीवर बसला, गळा दाबला, असं मरणाऱ्यांनी सांगितलं. बायकोकडे तर तो म्हणे आपल्या वहाणा मागायला आला होता. (हे सांगितलं की हॉल हसतो, हसू द्या.) गावकरी हटून बसले, तेव्हा फ्रोमबाल्ड नावाच्या अधिकाऱ्यासमोर थडगं उघडलं गेलं. दुसरं गाव मेद्वेजा. जानेवारी १७३२मध्ये योहान फ्ल्युकिंगर या लष्करी वैद्याने तिथली प्रेतं उकरून तपासली. काही वर्षांपूर्वी गवताच्या गाडीवरून पडून मेलेल्या आर्नोल्ड पाओलेपासून ही साथ सुरू झाली, अशी गावाची खात्री होती.

आता फळ्यावर दोन रकाने काढा: ‘दिसलं’ आणि ‘ठरवलं’. अहवालातलं एकेक वाक्य वाचा आणि ते कुठल्या रकान्यात जाईल ते श्रोत्यांना विचारा. ‘तोंडाशी ताजं रक्त’ हे वाक्य हमखास फसवतं. ‘लाल द्रव’ डावीकडे जातं. ‘ताजं’ आणि ‘कुणाचं तरी प्यायलेलं’ उजवीकडे. डावा रकाना जवळजवळ पूर्ण खरा आहे. त्या माणसांनी पाहिलं ते नीट पाहिलं, चुकलं ते अनुमानात. ‘अडाणी लोक’ हा सूर लावू नका.

मेद्वेजाची साठीची मिलित्सा इथे सविस्तर घ्या. जन्मभर काटकुळी असलेली बाई थडग्यात मात्र गुबगुबीत निघाली, म्हणून ओळखणारे थक्क झाले. याच क्षणी बाटलीकडे बोट दाखवा. बाटलीतल्या यीस्टसारखेच आतड्यातले जिवाणू वायू तयार करतात, पोट आणि अंग फुगतं. तोच दाब फुफ्फुसांतला लालसर द्रव नाकातोंडातून बाहेर ढकलतो. प्रेत पुन्हा उठू नये म्हणून छातीत खुंटा ठोकल्यावर ते कण्हलं, असं पाओलेबद्दल सांगतात. कोंडलेली हवा घशातून निघाली की आवाज होतोच. वरची कातडी सुटून खालची लालसर त्वचा दिसते, ती ‘नवी’ वाटते. नखं वाढलेली दिसतात, पण ती वाढत नाहीत, भोवतालची त्वचा आक्रसते. गोठलेलं रक्त मृत्यूनंतर पुन्हा पातळ होऊ शकतं.

‘मग शेजारचं प्रेत कुजलं, हे का नाही?’ असं कुणीतरी विचारणारच. थंडी, मातीचा ओलावा, खोली, मरणाचं कारण यांवर वेग ठरतो आणि मेद्वेजाची तपासणी ऐन हिवाळ्यातली. ठाण्याच्या दमट उकाड्यावरून अंदाज बांधू नका.

साथीचा भाग सात-आठ मिनिटांत आटपा. एका घरातली माणसं पाठोपाठ जातात तेव्हा पहिल्या मृतावर आळ येतो. याला अमेरिकेतलं उदाहरण चपखल बसतं: ऱ्होड आयलंडमधल्या एक्सटर गावात १८९२ साली क्षयाने गेलेल्या मर्सी ब्राऊनचं प्रेत बाहेर काढलं, काळीज जाळलं आणि राख आजारी भावाला पाजली. तो वाचला नाही. जर्मन वैद्य रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू शोधून तेव्हा दहा वर्षं झाली होती. युरोपात ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसाने १७५५मध्येच वैद्य गेरार्ड व्हान स्वीटनच्या सल्ल्याने असे प्रकार बंद करायला लावले होते.

उरलेला वेळ प्रश्नांचा. पॉर्फिरिया या आजाराचा मुद्दा येईल: उन्हाने त्वचा भाजते, म्हणून तेच व्हॅम्पायर. पण उन्हात जळून मरणं ही १९२२च्या मूकपटाची देणगी आहे, सर्बियन गावकऱ्यांची नाही. त्यांचा व्हॅम्पायर फुगलेला, लालबुंद, फिकट मुळीच नव्हे. रक्त पिणारी वटवाघळं फक्त अमेरिका खंडात सापडतात आणि त्यांना नाव दंतकथेवरून मिळालं, उलट नाही.

‘आपल्याकडे वेताळ आहे की’ असंही कुणी म्हणेल. कोकणात कित्येक गावांत वेताळ राखणदार देव आहे, आणि कथेतला वेताळ दुसऱ्याच्या प्रेतात शिरून कोडी घालतो. स्वतःच्या थडग्यातून उठून घरच्यांचं रक्त पीत नाही. जिथे दहन होतं तिथे दोन महिन्यांनी उघडून बघायला प्रेतच नसतं, हा फरक दाखवा. हडळ आणि मुंजाला मात्र हात घालू नका; तो विषय निघाला की प्रत्येकाला आपल्या गावची गोष्ट सांगायची असते आणि हॉल नऊला रिकामा करायचा असतो.