मधे 'आय', शेवटी 'टी': पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द शोधायचा कसा?

पाच अक्षरांचा शब्द हवा आहे, तिसरं अक्षर 'आय', शेवटचं 'टी'. मोबाईलवर वर्डल हा पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द ओळखण्याचा खेळ खेळताना किंवा इंग्रजी शब्दकोडं सोडवताना असा प्रश्न पडतो आणि चांगलं इंग्रजी येणारी माणसंही अडतात. आपण इंग्रजी शब्द बहुतेक कानाने लक्षात ठेवलेले असतात, इथे मात्र स्पेलिंग लागतं. 'पेंट' म्हणताना त्यातला 'आय' ऐकू येत नाही. 'रिस्ट' म्हणजे मनगट, त्याच्या सुरुवातीला 'डब्ल्यू' आहे हेही उच्चारावरून कळत नाही. म्हणून शोध तोंडाने नको, कागदावर करा.

पाच चौकटी आखा. जागा पक्की असलेली अक्षरं चौकटीत लिहा. जे अक्षर शब्दात आहे पण कुठे ते माहीत नाही, ते चौकटींच्या खाली लिहा. जी अक्षरं नाहीत हे कळलंय, ती बाजूला लिहून खोडा. वर्डलमध्ये हेच काम हिरवा, पिवळा आणि करडा रंग करतात आणि त्यासाठी सहा संधी मिळतात.

आता रिकाम्या जागांपैकी सगळ्यात अडचणीची जागा आधी धरा. आपल्या उदाहरणात ती चौथी, म्हणजे 'आय' आणि 'टी' यांच्या मधली. तिथे सव्वीसच्या सव्वीस अक्षरं बसत नाहीत. शेवटच्या 'टी'आधी येणारी व्यंजनं मोजकी आहेत, ती एकेक करून ठेवून पाहा. 'एन' ठेवला की पॉइंट, जॉइंट, प्रिंट, पेंट आणि संत या अर्थाचा सेंट. 'आर' ठेवला की शर्ट, स्कर्ट. 'एल'ने बिल्ट आणि गिल्ट, 'एस'ने ट्विस्ट, रिस्ट आणि कंबर या अर्थाचा वेस्ट, 'एफ'ने शिफ्ट, ड्रिफ्ट, स्विफ्ट. 'सी'ने एव्हिक्ट, म्हणजे घराबाहेर काढणे. व्यंजनं संपली की स्वर ठेवा, ही पायरी बहुतेक जण विसरतात: 'ई'ने क्वाएट, 'ओ'ने इडियट. काही मिनिटांत डझनभराहून जास्त शब्द हाताशी आले.

यातले किती आपल्याला नवे होते? महाबळेश्वरला गेलेला प्रत्येक सातारकर विल्सन पॉइंटवर उभा राहिलेला असतो, एमआयडीसीतला माणूस शिफ्टला जातो, स्विफ्ट तर दारात उभी असते. म्हणून मुलांना शब्दांच्या याद्या घोकायला लावणं मला पटत नाही. त्यापेक्षा पोवई नाक्याकडून राजवाड्याकडे चालत जाताना दुकानांच्या पाट्या वाचायला लावा आणि पाच अक्षरांचे शब्द टिपून घ्यायला सांगा. हॉटेल, लॉज, फोटो, ग्लास, स्टील, ज्यूस, मोटर, सायकल, ट्रस्ट, अर्बन असे शब्द बाजारपेठेत सापडतात आणि सगळे पाच अक्षरांचेच आहेत. शिष्यवृत्ती परीक्षेच्या दुसऱ्या पेपरात इंग्रजी असतं, त्यालाही ही सवय उपयोगी पडते.

पुढची पायरी म्हणजे अक्षरांच्या जोड्या, आणि खरी गती इथेच येते. 'क्यू' दिसला की पुढे जवळपास नेहमी 'यू': क्वीन, क्विक, इक्वल, स्क्वॉड. शेवटी 'एच' असेल तर त्याआधी बहुधा सी, एस, टी, जी किंवा पी: बेंच, ब्रश, टूथ, लाफ, ग्राफ. इंग्रजी शब्द सहसा 'व्ही'वर संपत नाही, मागे 'ई' लागतो: ड्राइव्ह, सॉल्व्ह, ग्लोव्ह. शेवटी 'के' असून आधी एकच ऱ्हस्व स्वर असेल तर मधे 'सी' येतो, जसं ब्लॉक, ट्रक, क्लॉक. दोन स्वर असतील तर येत नाही, जसं ब्रेक घेणे यातला ब्रेक. सगळे स्वर खोडून झाले आणि तरी शब्द सुटत नसेल तर 'वाय' ठेवून पाहा. क्रिप्ट, निम्फ हे त्यातले.

एक सापळा सांगायलाच हवा. शेवटची चार अक्षरं आय-जी-एच-टी अशी पक्की झाली की आनंद होतो, पण लाइट, नाइट, राइट, फाइट, साइट, टाइट, माइट, एट असे आठ शब्द समोर उभे राहतात. एकेक भरत बसलात तर संधी संपतील. त्याऐवजी आर-ई-ए-एल-एम हा 'रेल्म', म्हणजे राज्य, भरा. उत्तर तो नसणारच, पण एका फटक्यात आर, ई, एल, एम या चार शक्यता तपासून होतात. खेळात 'हार्ड मोड' सुरू असेल, म्हणजे सापडलेली अक्षरं पुढच्या प्रत्येक शब्दात वापरायचं बंधन असेल, तर मात्र हे चालत नाही.

आपल्या शाळांत ब्रिटिश स्पेलिंग शिकवतात, वर्डल अमेरिकन धर्तीवर चालतो. आपला कलर सहा अक्षरांचा, त्यांचा 'यू' गाळून पाचांचा. ह्यूमर, फेव्हर, लेबर, ऑनर यांचंही तसंच. मीटर आणि लिटर दोन्हीकडे पाचच अक्षरांचे, पण आपल्याकडे शेवट 'आर-ई' असा, त्यांच्याकडे 'ई-आर'.

एवढं करूनही अडलात तर वनलुक या संकेतस्थळावर शोधा. माहीत नसलेल्या प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह टाकायचं: दोन प्रश्नचिन्हं, आय, प्रश्नचिन्ह, टी. यादी मिळेल, पण ती आपली यादी झाल्यानंतरच उघडा. सुटलेले शब्द वहीत लिहा आणि ते पहिल्या अक्षराने न लावता शेवटच्या दोन अक्षरांनी लावा. 'सी-के'चं एक पान, 'सी-एच'चं एक, 'एन-टी'चं एक. शब्दकोशात ही मांडणी मिळत नाही, कोडं सोडवताना मात्र तीच लागते.

सरावासाठी दुसरं अक्षर 'आर' आणि शेवटचं 'ई' घ्या. 'पी' ठेवून प्राइस आणि प्राइझ, 'टी'ने ट्रेड, 'जी'ने ग्रेड आणि ग्रेप, 'सी'ने क्राइम निघतील. 'बी', 'डी', 'एफ' आणि 'डब्ल्यू' तुम्ही काढा.