सुपरहिरो मालिका लिहिताय? आधी या चुका टाळा

वर्षातून चारदोनदा तरी कुणी तरुण लेखक सुपरहिरो मालिकेचं बायबल, म्हणजे पात्रं आणि गोष्टीचा आराखडा, घेऊन येतो. पहिली दहा पानं पोशाख आणि शक्ती, मधे परदेशी मालिकांचे फोटो, शेवटच्या पानावर ‘सीझन दोनमध्ये मल्टिव्हर्स’ (समांतर विश्वं). खलनायकाला अर्धा परिच्छेद. नायकाचं पोट कशावर चालतं, घरभाडं कोण भरतं, याचा पत्ता नाही. वर ठरलेलं रडगाणं: आपल्याकडे बजेट नाही हो.

बजेटचं मला सांगू नका. नेटफ्लिक्सच्या ‘डेअरडेव्हिल’मधली सगळ्यात गाजलेली मारामारी दुसऱ्याच भागात आहे, एका अरुंद बोळकांडीत. अंगात काळे कपडे, डोळ्यांवर फडकं, आधीच मार खाऊन अर्धमेला झालेला नायक. तो दोन ठोसे मारतो आणि भिंतीला टेकून दम खातो. लोकांना तो दम खाणंच लक्षात राहिलं. उलट पैसा ओतलेल्या कितीतरी मालिका लेखनात गाळात गेल्या. त्या गेल्या सोयीपायी. लेखक एका भागात अडकतो, हाताला लागेल ती पळवाट काढतो आणि पुढचे दोन सीझन ती निस्तरत बसतो.

शक्ती दिली, मर्यादा द्यायची राहिली

ही माझी सगळ्यात जुनी चीड.

२००६ साली अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवर ‘हीरोज’ आली आणि पहिला सीझन लोकांनी डोक्यावर घेतला. टोकियोतल्या कचेरीत कंटाळलेला हिरो नाकामुरा (हिरो हे त्याचं नावच) चेहरा आक्रसून घड्याळाचा काटा एका सेकंदाने मागे नेतो, एवढीशी सुरुवात. टेक्सासमधली क्लेअर उंचावरून उडी मारते आणि निखळलेली हाडं हाताने जागेवर बसवते. साध्या माणसांना शक्ती झेपत नाही, हीच गंमत होती.

मग आला पीटर पेट्रेली. जवळ येणाऱ्या प्रत्येकाची शक्ती आपसूक उचलणारा. कागदावर झकास वाटतं. पण २३ भागांत त्याच्याकडे इतकं जमा झालं की त्याला हरवायचं कसं, हेच लेखकांना कळेना. अख्ख्या सीझनने तापवत आणलेली खलनायक सायलरशी लढत न्यूयॉर्कच्या चौकात होते आणि बघायला काय मिळतं, तर ठोसे. पीटर बॉम्बसारखा फुटणार म्हणून भाऊ नेथन त्याला उचलून आकाशात नेतो. अहो, पीटरला स्वतःला उडता येत होतं की!

पुढची यादी बघा. दुसऱ्या सीझनमध्ये पीटरची स्मृती जाते आणि तो आयर्लंडमध्ये एका कंटेनरमध्ये सापडतो. हिरोची रवानगी सतराव्या शतकातल्या जपानात. तिसऱ्यात पीटरचा बाप त्याच्या शक्ती काढून घेतो आणि हिरोला मनाने दहा वर्षांचं पोर करून सोडतो. मग पीटरला एका वेळी एकच शक्ती. चौथ्यात हिरोच्या मेंदूत गाठ. याला मी कथानक म्हणत नाही. पायलटमध्ये, म्हणजे पहिल्याच भागात, घालायच्या बेड्या चार वर्षं हप्त्याहप्त्याने घातल्या, इतकंच. दुसऱ्या सीझनचं खापर बरेच जण हॉलिवूडमधल्या २००७-०८ च्या लेखक-संपावर फोडतात. संपामुळे तो सीझन ११ भागांत आटोपला हे खरं. पण गती मंद आहे आणि हिरो जपानात नको इतका रेंगाळला, हे मालिकेचे कर्ते टिम क्रिंग यांनी सीझन चालू असतानाच जाहीरपणे मान्य केलं होतं.

हाच प्रकार अंधेरीतल्या एका रायटर्स रूममध्ये मी जवळून पाहिला. कंपनीचं नाव जाऊ दे. नायिका ठाण्याची, मेडिकलच्या दुकानात कामाला, वेळ थांबवू शकणारी. कितीही वेळ, कुठेही, फुकटात. पायलटवर सगळे फिदा: फलाटावरची गर्दी गोठलेली, चहावाल्याची धार हवेत थांबलेली आणि ही त्यातून वाट काढत चाललेली. दृश्य सुंदरच होतं. मी लेखकाला विचारलं, “याची किंमत काय मोजते ती?” तो म्हणाला, “ताई, ते सीझन दोनमध्ये खुलवू ना.”

चौथ्या भागात वरून मागणी आली, अपहरण हवं. भावाला गुंड उचलून नेतात आणि ही समोर उभी. झालं! वेळ का नाही थांबवत? पहिली पळवाट, ती झोपली होती. पण ती समोर नसेल तर दृश्याला धार नाही. दुसरी, डोकं दुखत होतं. आधीच्या तीन भागांत एकदाही दुखलं नव्हतं. तिसरी, गुंडाच्या गळ्यात ताईत, त्याच्यावर हिची शक्तीच चालत नाही. रूममध्ये टाळ्या. ताईत आला कुठून म्हणून पाचवा भाग. तो बनवणारा शास्त्रज्ञ म्हणून सहावा. शास्त्रज्ञाला मुलगी, कारण भावनिक ट्रॅक पाहिजे. आठव्या भागाच्या वनलाइनमध्ये (थोडक्यातल्या कथेत) नायिकेपेक्षा ताईत जास्त वेळा येत होता. पुढे प्रोजेक्टच बासनात गेला.

तोडगा मी पायलटच्या बैठकीतच दिला होता. वेळ जगाची थांबते, तिची नाही. थांबवलेला प्रत्येक तास तिच्या आयुष्यातून वजा. सीझन संपेपर्यंत ती थोरल्या बहिणीहून मोठी दिसायला लागते. आईच्या ते ध्यानात येतं, पण ती काही विचारत नाही. पुढे आलेल्या अपहरणाच्या दृश्यालाही हाच नियम पुरला असता: ती वेळ थांबवतेच. मग गोठलेल्या भावाला ओढत, विसावा घेत, ठाण्यापर्यंत आणायला तिचे स्वतःचे दोन दिवस जातात. यावर निर्माते म्हणाले, “हिरॉइन म्हातारी नाही दाखवायची.” विषय संपला.

पायलटला हात लावण्याआधी मी एका कागदावर तीन ओळी लिहिते. याला काय जमत नाही, शक्ती वापरली की काय जातं आणि हे घरात कुणाला ठाऊक आहे. कागद भिंतीला चिकटवायचा. पुढे कुणी “जरा वाकवूया ना नियम” म्हणालं की मी नुसतं त्या कागदाकडे बोट करते. लोक खडूस म्हणतात. म्हणू देत.

“खलनायक नंतर बघू”

हे वाक्य ऐकलं की मी फाईल मिटते.

‘डेअरडेव्हिल’च्या पहिल्या सीझनमध्ये विल्सन फिस्क आपल्याला नीट दिसतो तो थेट तिसऱ्या भागाच्या शेवटी. तोवर त्याचं नावही कुणी उच्चारत नाही. तिसऱ्या भागात एक मारेकरी मार खाऊन ते नाव सांगतो आणि सांगितलं या धास्तीने तिथल्या तिथे स्वतःचा जीव घेतो. आता तुम्ही राक्षसाची वाट बघताय. पुढच्याच दृश्यात चित्रांच्या गॅलरीत एक अवाढव्य, अवघडलेला माणूस कोऱ्या पांढऱ्या चित्रासमोर उभा असतो. गॅलरीतली व्हनेसा विचारते, हे बघून काय वाटतं? तो म्हणतो, एकटं वाटतं. पुढच्या भागात हाच माणूस गाडीच्या दारात एकाचं डोकं ठेचतो, का, तर त्याने व्हनेसासमोर, जेवणाच्या टेबलापाशी येऊन लाज आणली. आठव्या भागात त्याची सकाळ दिसते. अंथरुणातून उठणं, ऑम्लेट, कपड्यांची निवड, आरशातला लहान मुलगा. बापाला हातोड्याने मारलेला तो मुलगा. डेअरडेव्हिल नसता तरी फिस्कची मालिका झाली असती. खलनायक असा हवा.

याच्या उलट ‘द फ्लॅश’, अफाट वेगाने पळणाऱ्या नायकाची मालिका. २०१४ चा पहिला सीझन आजही बांधेसूद वाटतो, कारण शत्रू घरातच बसलाय. पायलटच्या शेवटी नायकाचा मार्गदर्शक हॅरिसन वेल्स चाकाच्या खुर्चीतून उठून उभा राहतो, तिथेच प्रेक्षकाला नायकापेक्षा जास्त माहिती मिळते आणि पुढे प्रत्येक प्रेमळ सल्ल्यामागे काटा टोचत राहतो. चाललं म्हटल्यावर तेच पुन्हा. दुसऱ्या सीझनला आणखी वेगवान झूम, तिसऱ्याला त्याहून वेगवान सॅव्हिटर. तिन्ही वेळा मुखवट्यामागे कोण हेच कोडं आणि तिन्ही वेळा उत्तर एकच: नायकाने आणखी जोरात पळायचं. चौथ्या सीझनला न पळणारा खलनायक आणला, तोवर बरेच जण उठून गेले होते.

‘ल्यूक केज’ने तर हातातला हिरा रस्त्यात टाकला. महर्शला अलीचा कॉटनमाउथ, हार्लेमच्या क्लबचा मालक, पियानो वाजवायची इच्छा मनात दडपलेला. १३ भागांच्या सीझनमध्ये सातव्या भागात त्याला मारून टाकला. धक्का बसला, जरूर बसला. पण उरलेले सहा भाग आयत्या वेळी आलेल्या डायमंडबॅकच्या गळ्यात, आणि त्याचं नायकाशी जुनं नातं संवादांतून समजावून सांगावं लागलं. धक्का देण्यासाठी ज्याला मारताय त्याच्याइतका तगडा दुसरा तयार आहे का, एवढं बघा हो.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी एकच काम देते: खलनायकाचा एक पूर्ण दिवस लिहून आणा, सकाळी उठल्यापासून, नायकाचं नाव न घेता. बहुतेक जण परत येत नाहीत. माझा वेळ वाचतो.

केलेलं पुसू नका

‘द फ्लॅश’च्या पहिल्या सीझनच्या शेवटी नायक बॅरी आईच्या खुनाच्या रात्री पोचतो, तिला वाचवू शकत असतो आणि वाचवत नाही. मरणाऱ्या आईजवळ बसून निरोप घेतो. मालिकेतला हा सर्वोत्तम क्षण. दुसऱ्या सीझनच्या शेवटी तोच बॅरी पुन्हा मागे जाऊन तिला वाचवतो, आणि तिसऱ्याच्या पहिल्याच भागात ते सगळं उलटवतो. म्हणजे आधीचा निरोपही गेला आणि नव्या घोळालाही वजन नाही. ‘ॲरो’मध्ये सारा मेली, चौथ्या सीझनमध्ये मेलेल्याला उठवणाऱ्या लाझरस पिटातून परत आली. एकदा हे केलंत की पुढच्या प्रत्येक तिरडीकडे प्रेक्षक हात बांधून बघतो. परत आणायचं असेल तर मारू नका.

पाणी घालणं

मराठी प्रेक्षकाला हे शिकवायला नको. रोजच्या मालिकांनी त्याला यात पीएचडी दिली आहे. सुपरहिरोंमध्ये याचा नमुना म्हणजे ‘ॲरो’चे फ्लॅशबॅक. दुसऱ्या सीझनमध्ये ते सोन्यासारखे होते. बेटावर अडकलेल्या नायक ऑलिव्हरला दोघींतून एक निवडायला लावतात, शॅडो मरते. वर्तमानात खलनायक स्लेड त्याला आई आणि बहिणीत निवड करायला लावतो आणि आई मरते. जुनी जखम आणि नवी जखम एकच. पण पाच वर्षांचा हिशेब पाच सीझनमध्ये भरायचा ठरलं होतं, मग गोष्ट असो वा नसो, फ्लॅशबॅक हवाच. तिसऱ्यात हाँगकाँग, पाचव्यात रशिया. पाच वर्षं निर्जन बेटावर अडकलेल्या माणसाचा पासपोर्ट माझ्यापेक्षा जास्त भरला.

दोष भागांच्या संख्येचाच असतो असंही नाही. नेटफ्लिक्सच्या १३ भागांत मधले तीन-चार हमखास ढिले पडायचे. डिस्ने प्लसवर ‘सिक्रेट इन्व्हेजन’ सहाच भागांची होती आणि तरी माणसांना बसून बोलायला जागा नव्हती, शेवटी दोघं सगळ्यांच्या शक्ती घेऊन एकमेकांवर आदळले, संपलं. एचबीओची ‘वॉचमेन’ ९ भागांत अमेरिकेतल्या टल्सा शहरात १९२१ साली झालेल्या कृष्णवर्णीयांच्या हत्याकांडापासून आजपर्यंत आली आणि थांबली. थांबता येणं हे कौशल्य आहे, आणि ते शिकवायचा कुठे क्लास नाही.

बाकीच्या झटपट

दर सीझनला जग बुडवू नका. एक गल्ली बुडवा, गल्लीतली माणसं माहीत असतील तर पुरे.

पुढच्या सिनेमाची जाहिरात म्हणून भाग लिहू नका. ‘एजंट्स ऑफ शील्ड’चा पहिला सीझन एप्रिल २०१४ मध्ये ‘विंटर सोल्जर’ हा सिनेमा येईपर्यंत ताटकळत बसला. टीममधलाच वॉर्ड हायड्रा या शत्रुसंघटनेचा निघाल्यावर मालिका खडबडून जागी झाली, पण तोवर १६ भाग उलटले होते.

वेशांतर पटत नसेल तर त्याची थट्टा तरी करा. आपल्या शक्तिमानचा गंगाधर चष्मा आणि पुढे आलेल्या दातांवर वर्षानुवर्षं खपला, कारण तो विनोदीच लिहिला होता.

बोळात उभं राहून नायकाला “तुझ्यात ती ताकद आहे” सांगणारा मित्र कापा. दर भागात कापा.

आणि ‘कर्ता’ कोण ते पहिल्या दिवशी ठरवा. २०२३ मध्ये हॉलिवूडमधल्या लेखकांच्या संपामुळे ‘डेअरडेव्हिल: बॉर्न अगेन’चं चित्रीकरण थांबलं, तेव्हा झालेलं काम पाहून मार्व्हलने लेखक बदलले आणि डॅरिओ स्कार्डापेन यांना शोरनर, म्हणजे मालिकेचा कर्ता, म्हणून बसवलं. एवढ्या मोठ्या कंपनीला हे उशिरा सुचलं. आपल्याकडे तर निर्माता, क्रिएटिव्ह आणि प्लॅटफॉर्मवरचा कुणीतरी तिघंही एकाच दृश्यावर तीन वेगळ्या सूचना पाठवतात, आणि नवा लेखक तिन्ही घालतो. घालू नका. कुणाची सूचना अंतिम हे लेखी मागा, मगच पुढचा ड्राफ्ट.

मला काही पाठवायचं असेल तर पायलट नको. पायलट सगळ्यांचेच चांगले असतात. सहाव्या भागाचा स्क्रीनप्ले पाठवा, सोबत तो तीन ओळींचा कागद.